उतरायला जागा

डाकोटा विमान देखणं म्हणता येणार नाही. जमिनीवर उभं असलं की नाक आभाळाकडे आणि शेपूट मातीला टेकलेली. दारातून आत गेलं की पुढच्या खुर्चीपर्यंत चढण चढावी लागते. बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिनं, पत्र्याचं लांबोडकं पोट, आणि त्या पोटात सैनिक, तांदूळ, काडतुसं, जखमी, जे असेल ते. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेनं या जातीची दहा हजारांवर विमानं बांधली. युद्ध संपल्यावर त्यांतली काही आपल्या हवाई दलाकडे राहिली, काही खासगी कंपन्यांनी प्रवासी वाहतुकीसाठी घेतली.

वैमानिकांच्या शौर्यकथा म्हटलं की आपल्याला आठवतात लढाऊ विमानं आणि आभाळातली झुंज. त्या कथांचा मान मोठाच आहे. पण मला विचाराल तर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांतलं हवाई दलाचं सर्वांत मोठं धाडस मालवाहू विमानांच्या वैमानिकांनी केलं. त्यांची परीक्षा आभाळात जेवढी झाली, त्याहून जास्त जमिनीला चाक टेकताना झाली.

२७ ऑक्टोबर १९४७ ची सकाळ. आदल्या दिवशी काश्मीरच्या महाराजा हरिसिंगांनी भारतात येण्याच्या सामीलनाम्यावर सही केली होती. पाकिस्तानातून घुसलेले टोळीवाले बारामुल्लापर्यंत आले होते. तिथून श्रीनगर जेमतेम पन्नास किलोमीटर. दिल्लीहून पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन डाकोटा निघाली. श्रीनगरचा विमानतळ तोवर आपल्याच ताब्यात असेल की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. हुकूम असा होता, की वरून घिरट्या घालून पाहा; शत्रू दिसला तर न उतरता जम्मूला वळा. धावपट्टी महाराजांच्या छोट्या विमानांपुरती, कच्ची. इंधन भरायची सोय नाही, म्हणून परतीचं पेट्रोल सोबतच न्यायचं. विमानं उतरली. त्याच दिवशी पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय बारामुल्लाच्या वाटेवर लढताना कामी आले. पण शहर वाचलं आणि पुढचे कितीतरी दिवस ही ये-जा थांबली नाही. त्यात खासगी कंपन्यांचे वैमानिकही होते. काल ते प्रवासी नेत होते. आज खुर्च्या उचकटून काढून त्याच विमानांत शिपाई बसवले होते.

या सगळ्या कामाला आकार दिला तो एअर कमोडोर मेहरसिंग यांनी. सारं हवाई दल त्यांना ‘बाबा’ म्हणायचं. महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर सहाव्या स्क्वाड्रनचं नेतृत्व करताना त्यांना डीएसओ हा मानाचा किताब मिळाला होता. भारतीय हवाई दलात तो त्यांच्याखेरीज कुणालाच मिळालेला नाही. काश्मीरच्या हवाई मोहिमेची सूत्रं हाती आल्यावर कार्यालयात बसून हुकूम सोडणं त्यांना जमलंच नसतं. जिथे आपली पोरं पाठवायची, तिथे आधी आपण उतरून बघायचं, ही त्यांची रीत.

पूँछला ती रीत दिसली. नोव्हेंबर १९४७ मध्ये पूँछला वेढा पडला. आत लेफ्टनंट कर्नल प्रीतमसिंग यांची तुकडी आणि सुमारे चाळीस हजार निर्वासित. रस्ते तुटलेले. एवढ्या तोंडांना वरून पोती टाकून किती दिवस पुरं पडणार? प्रीतमसिंगांनी निर्वासितांनाच हाताशी धरलं. त्यांनी दगड वेचले, माती दाबली आणि जेमतेम सहाशे यार्डांची पट्टी तयार केली. तिच्या कडेला ओढे आणि समोरच्या टेकड्यांवर शत्रू. डिसेंबरात या पट्टीवर पहिलं डाकोटा उतरवलं ते मेहरसिंगांनी, तेही शेजारी एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जींना घेऊन. मग रोजचा रहाट सुरू झाला. येताना धान्य आणि दारूगोळा, जाताना जखमी, बायाबापड्या, मुलं.

मार्च १९४८ मध्ये टेकड्यांवरच्या तोफांचे गोळे पट्टीवर पडू लागले. त्यांना उत्तर द्यायला मोठ्या तोफा हव्या होत्या. त्या आणायच्या डाकोटातूनच आणि उतरायचं रात्री, म्हणजे शत्रूला नेम धरता येणार नाही. पट्टीच्या दोन्ही कडांना तेलाचे दिवे ठेवले गेले. घरातल्या देवळीत ठेवतो तसल्या उजेडात, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात, पंचवीस पौंडी तोफ पोटात घेतलेलं विमान उतरवायचं! बाबा उतरले, मागोमाग बाकीचेही उतरले. वेढा पडल्यापासून वर्षभरानं, नोव्हेंबर १९४८ मध्ये, जमिनीवरून कुमक येऊन पोचली. तोवर पूँछ जगलं ते त्या सहाशे यार्डांवर.

उलट स्कार्दू पाहा. तिथे शेरजंग थापा आणि त्यांच्या मूठभर जवानांनी सहा महिने वेढा सोसला. शौर्यात ते तसूभरही कमी नव्हते. पण विमान उतरायला जागा नव्हती. अरुंद दरीत डाकोटाला नीट वळताही येईना, म्हणून टेम्पेस्ट या लढाऊ विमानांतून डब्यांत भरलेली काडतुसं टाकली गेली. ती पुरणार कुठून? १४ ऑगस्ट १९४८ ला स्कार्दू पडलं. धावपट्टी असणं आणि नसणं यात काय अंतर असतं, ते या दोन गावांच्या नशिबात दिसतं.

लेहच्या नशिबी काय आलं असतं? मे १९४८ मध्ये कारगिल हातचं गेलं आणि झोजी लाची वाट बंद झाली. लेहमधली फौज अगदीच तुटपुंजी होती. सुदैवानं सोनम नोर्बू नावाचा एक लडाखी इंजिनिअर त्याच हिवाळ्यात पृथीचंद यांच्या छोट्या लष्करी तुकडीबरोबर बर्फातून झोजी ला ओलांडून लेहला पोचला होता. त्यानं गावकऱ्यांच्या हातांनी सिंधूकाठच्या रेताडात पट्टी तयार करून ठेवली होती. आता तिच्यावर उतरणारा हवा होता.

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेदहा हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते, की पंखांना तोच आधार मिळवण्यासाठी विमानाला खऱ्या वेगात सतरा-अठरा टक्के जास्त पळावं लागतं. म्हणजे उतरताना ते अधिक वेगानं आदळतं, थांबायला जास्त जमीन लागते आणि पुन्हा उठताना इंजिनाची ताकदही कमी पडते. वाटेतली शिखरं टाळायला तेवीस-चोवीस हजार फूट गाठायचे, आणि डाकोटाची झेप तिथेच संपते. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती, पंखांवर साचणारा बर्फ झटकायचं साधन नव्हतं, त्या वाटेचे हवाई नकाशे नव्हते.

२४ मे १९४८ ला मेहरसिंग निघाले. ‘मी येतो सोबत’ म्हणून बसले होते मेजर जनरल थिमय्या. आपले जवान ज्या विमानानं जाणार, त्याच्या पहिल्याच फेरीत सेनापती स्वतः बसतो, याचं मोल मला मेहरसिंगांच्या कौशल्याइतकंच वाटतं. विमान लेहला उतरलं. मागाहून गुरखा जवान आले आणि लेह टिकलं. मेहरसिंगांना महावीरचक्र मिळालं. पण त्यांनी लवकरच हवाई दल सोडलं आणि मार्च १९५२ मध्ये दिल्लीजवळ वादळात सापडून विमान अपघातात ते गेले. वय अवघं छत्तीस-सदतीस.

त्यांनी घालून दिलेली वाट पुढच्यांनी सोडली नाही. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी सोळा हजार सहाशे फुटांवर, काराकोरम खिंडीच्या पायथ्याशी, दौलत बेग ओल्डीला पॅकेट विमान उतरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात एएन-१२ विमानांनी चुशूलला चक्क रणगाडे नेले. दौलत बेग ओल्डीची पट्टी पुढे चार दशकांवर बंद होती. ३१ मे २००८ ला एएन-३२ तिथे उतरलं आणि ती पुन्हा जागी झाली.

धाडस आपल्याच बाजूचं असतं असंही नाही. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. तिथे उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं मात्र शाबूत राहिली. त्या रात्री घाईघाईनं बुजवलेल्या खड्ड्यांवरून, उरल्यासुरल्या पट्टीवरून ती दोन्ही उठली, अंधारात समुद्राला चिकटून उडत राहिली आणि कराचीला पोचली. गोवा मुक्त झाला याचा आनंद मनात ठेवूनही त्या वैमानिकांच्या हाताला दाद द्यावीच लागते.

हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र मिळालं ते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांना. १४ डिसेंबर १९७१ ला बॉम्ब पडत असताना त्यांचं नॅट विमान उठलं आणि सहा पाकिस्तानी सेबर विमानांशी एकाकी झुंजलं. ते उठलं श्रीनगरहून. चोवीस वर्षांपूर्वी, शत्रू आहे की नाही हे ठाऊक नसताना, डाकोटा विमानं उतरली होती त्याच श्रीनगरहून.

इंग्लंडमध्ये डागडुजी केलेलं एक जुनं डाकोटा २०१८ मध्ये हवाई दलाकडे आलं. त्याचं नाव ठेवलंय ‘परशुराम’ आणि अंगावर क्रमांक रंगवलाय व्हीपी ९०५, श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या विमानाचा. आणि लेहची पट्टी तयार करणारे ते सोनम नोर्बू पुढे मंगोलियात भारताचे राजदूत झाले. लेहच्या सरकारी रुग्णालयाला आज त्यांचं नाव आहे.