तान्ह्याचं डब्याचं दूध : कोणतं, किती आणि कोणत्या पाण्यात?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे मागे राहण्याची सोय नाही. कोयता जोडीचा असतो, म्हणून बाळंतीणही जाते. बाळ बरोबर नेले तर फडावर थंडी-वाऱ्यात उघड्यावर; मागे ठेवले तर आजीपाशी. मग आजी दुकानात जाते आणि म्हणते, "तान्ह्याचा डबा द्या." दुकानदार विचारतो, कोणता? आणि इथेच घोळ सुरू होतो.

ऊसतोडीचेच घर कशाला, बाळंतपणात आई दगावलेली असते, कुणी बाळ दत्तक घेतलेले असते, कुठे आईला कर्करोगाची औषधे चालू असतात. अशा घरांसाठी हा लेख आहे. आईचे दूध मिळत असेल तर डब्याची गरज नाही, सहा महिने वरचे पाणीसुद्धा नको, हे आशाताईंनी तुम्हाला सांगितलेच असेल. आपण वासराला चीक चुकवत नाही, पण बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकणारी घरे अजून आहेत. तो विषय मोठा आहे, तूर्त डब्याकडे येऊ.

एक मात्र आधी सांगितले पाहिजे. "दूध आटलं" म्हणून जे डबे घरात येतात, त्यातल्या कितीतरी घरी दूध आटलेले नसते. बाळाला दिवसरात्र वरचेवर अंगावर घेतले, नर्सबाईंकडून धरण्याची पद्धत नीट करून घेतली, तर कमी झालेले दूध पुन्हा वाढते. डबा सुरू केला की बाळ कमी ओढते आणि दूध खरोखरच आटू लागते. तेव्हा घाई नको. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असून रुग्णालयात ठेवलेले असेल, तर तिथे मातृदुग्धपेढी आहे का, हेही विचारा. आशियातली अशी पहिली पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. आता ती सोय आणखी काही ठिकाणी झाली आहे.

घरची म्हैस असताना डबा कशाला?

दावणीला दोन म्हशी असणारा माणूस हे विचारणारच, आणि प्रश्न रास्त आहे. डेअरीवर फॅट लावणाऱ्याला उत्तर लवकर पटेल. आईच्या १०० मिलि दुधात प्रथिने साधारण एक ग्रॅम असतात. गाईच्या दुधात तिपटीहून अधिक, म्हशीच्या दुधात चौपट. म्हशीचे फॅट सहा-सातवर जाते, आईचे साडेतीन-चारच्या आसपास. क्षारही तिपटी-चौपटीने जास्त. वासराला चार महिन्यांत दांडगे व्हायचे असते, माणसाच्या पोराला नाही. एवढे क्षार आणि प्रथिने बाहेर टाकताना तान्ह्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. त्यातच गाई-म्हशीच्या दुधात लोह फार कमी. सहा महिन्यांच्या आत तेच पाजत राहिले तर बाळ पांढरे पडते. शेळीच्या दुधाचे आपल्याकडे फार कौतुक आहे, पण त्यात फॉलिक आम्ल जवळपास नसते, त्यामुळेही रक्त कमी होते.

"मग निम्मं पाणी घालू की." जुनी माणसे तसेच करत, डॉक्टरही तसेच सांगत. पाण्याने क्षार उतरतात, पण बरोबर ताकदही उतरते, आणि लोह-जीवनसत्त्वे तर आधीच कमी. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असे घरी फोडलेले दूध फक्त अडचणीच्या वेळी, तात्पुरते द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गंमत अशी, की म्हशीच्या दुधापासून तान्ह्यांची पावडर करता येते हे आपल्याच देशाने दाखवले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात ती पद्धत बसवली आणि आणंदच्या अमूलने तिच्यावर बाळाचा डबा काढला. पण कारखान्यात फॅट आणि प्रथिने मापात आणतात, साखर, लोह, जीवनसत्त्वे मोजून घालतात. ते काम चुलीवर होत नाही.

फळीवरचे डबे

आता दुकानाच्या फळीकडे बघा. नाव कोणत्या कंपनीचे आहे ते नंतर वाचा, आधी आकडा वाचा. १, २, ३, ४ असे आकडे असतात. जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत एक नंबरचाच डबा. दोन नंबरचा सहा महिन्यांनंतरचा असतो, तो दोन महिन्यांच्या बाळाला चालत नाही. "मोठा नंबर म्हणजे जास्त ताकद" असे समजून तो नेणारे आहेत. तसे करू नका.

एक नंबरच्या साध्या डब्यांत कंपनी-कंपनीत फरक थोडा असतो. सरकारने घालून दिलेल्या प्रमाणातच सगळ्यांना राहावे लागते. एकात मठ्ठ्याची म्हणजे व्हे प्रथिने जास्त असतात, ती पचायला थोडी हलकी. दुसऱ्यात डीएचए घातलेले असते आणि किंमत वाढलेली असते. डीएचएने पोर तल्लख होते, असे निश्चितपणे सिद्ध झालेले नाही. माझे मत विचाराल तर जो साधा एक नंबरचा डबा तुमच्या तालुक्याच्या दुकानात बारमाही मिळतो आणि जो तुम्हाला शेवटपर्यंत परवडेल, तो घ्या आणि बाळाला सोसला तर तोच चालवा.

घटकांच्या यादीत लॅक्टोज दिसले पाहिजे, ती दुधातली साखर. सुक्रोज म्हणजे आपली उसाची साखर. ती तान्ह्याच्या डब्यात असावी असे काही नाही. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख बघा. डबा चेपलेला, फुगलेला असेल तर परत करा.

बाकीचे खास डबे डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय घेऊच नयेत. कमी दिवसांच्या बाळांचा डबा वेगळा, तो बाळाला गुटगुटीत करण्यासाठी नाही. लॅक्टोज नसलेला डबा आणि सोयाबीनचा डबा ठरावीक आजारात लागतो. साधी हगवण लागली की लगेच लॅक्टोजविरहित डबा आणायची पद्धत पडली आहे, तिची बहुतेक वेळा गरज नसते. क्षारसंजीवनी आणि झिंक लागते, आणि ते उपकेंद्रात मोफत मिळते. गाईच्या दुधाची खरी ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही सोसत नाही, म्हणून तोही प्रयोग घरी नको.

चहासाठीची दूध पावडर, डेअरी व्हाईटनर, घट्ट गोड दुधाचा डबा हे बाळाचे दूध नव्हे. पुडी स्वस्त पडते म्हणून आणली जाते, पण तिने पोर उपाशी राहते. डब्यातले धान्याचे पीठ हेसुद्धा दूध नव्हे, ते सहा महिन्यांनंतरचे खाणे.

हिशेब आधी करा

डबा कोणता यापेक्षा, डबे किती, हा प्रश्न मोठा आहे. बाळाला किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलि दूध लागते. पाच किलोचे बाळ असेल तर ७५० मिलि. बहुतेक डब्यांत ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा असे माप असते, म्हणजे दिवसाला पंचवीस चमचे. एका चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास पावडर धरली, तर रोजची ११०-११५ ग्रॅम झाली. चारशे ग्रॅमचा डबा साडेतीन दिवसांत संपतो. महिन्याला आठ-नऊ डबे! दुकानात जाऊन एका डब्याचा भाव विचारा आणि नवाने गुणा. हा आकडा सहा महिने झेपेल का, हे घरात बसून आधी ठरवा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीने उचल घेतानाच हा खर्च धरला पाहिजे, नाहीतर पौष महिन्यात आजीच्या हाती रिकामा डबा राहतो.

कारण पुढे काय होते ते गावोगाव दिसते. डबा पुरवून वापरायचा म्हणून पंचवीसचे पंधरा चमचे होतात. दूध पांढरे दिसते, बाळ पिते, पोट भरल्यासारखे वाटते, आणि महिन्याभरात हातपाय काडीसारखे होतात. आजी प्रेमाने पाजतेच आहे, चूक मापात आहे. उलट कुणी शिगोशीग चमचे भरते, त्याने बाळाला मलावरोध होतो, अंगातले पाणी कमी पडते. चमचा डब्यातलाच, सुरीच्या पाठीने सपाट केलेला, आधी पाणी मोजून मग पावडर. दुसऱ्या कंपनीचा चमचा चालत नाही, माप वेगळे असू शकते.

पोट भरते की नाही हे ओळखायला अंगणवाडीचा वजनकाटा आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत महिन्याला अर्धा किलो तरी वाढले पाहिजे. दिवसात सहा वेळा तरी लघवी झाली पाहिजे. वजन थांबले की दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्र गाठा, पुढच्या लसीकरणाच्या दिवसाची वाट बघू नका.

पाणी

हा भाग सरपंचांनी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (आता त्यांचा हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी झाला आहे) मुद्दाम वाचावा. डब्याचे दूध म्हणजे मुख्यतः तुमच्या नळाचे नाहीतर विहिरीचे पाणी. ते बिघडले तर सगळ्यात महाग डबाही हगवणीचे औषध ठरतो.

पाणी खळखळून उकळावे हे सगळे सांगतात. पण उकळून थंडगार केलेल्या पाण्यात पावडर घालू नये, हे थोडे सांगतात. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात क्वचित जंतू असतात. २०२२ मध्ये अमेरिकेत याच शंकेवरून एका मोठ्या कंपनीचे डबे बाजारातून परत घ्यावे लागले आणि कारखाना बंद पडून तिकडच्या दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. म्हणून पाणी ७० अंशांच्या वर असतानाच पावडर घालायची. घरी तापमापक नसतो. लिटरभर पाणी उकळले की अर्ध्या तासाच्या आत वापरा. वाटीभर पाणी याहून लवकर निवते. दूध कालवल्यावर भांडे गार पाण्यात धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. केलेले दूध दोन तासांत संपले नाही तर ओतून द्या, मांजराला घाला, पण पुन्हा गरम करून बाळाला नको. रात्रीसाठी तयार दूध ठेवण्यापेक्षा उकळते पाणी थर्मासमध्ये ठेवावे.

दुसरी गोष्ट नायट्रेटची. युरिया आणि शेणखताचा अंश झिरपून विहिरी-बोअरमध्ये उतरतो. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. मोठ्या माणसाला लवकर काही जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होते. ओठ, नखे निळसर दिसू लागतात. असे दिसले की पाजणे थांबवून तडक दवाखाना. आणि हे नीट ध्यानात घ्या : नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटले की उलट वाढते. टीसीएल पावडरनेही जात नाही. उपाय एकच, पाणी तपासणे आणि बाळापुरते दुसऱ्या स्रोताचे आणणे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. ग्रामपंचायतीने नुसती ओटी टेस्ट करून वहीत लिहिण्यावर थांबू नये. गावात एक जरी तान्हे डब्यावर असेल तर त्या घराच्या पाण्याचे नायट्रेट बघावे.

भांड्यांचे थोडक्यात. बाटली नको. वाटी-चमचा किंवा पळी बरी, घासता येते आणि उकळता येते. बोंडल्याची चोच आतून घासली जात नाही, तिथेच दूध आंबते.

सहा महिन्यांनंतर

इथे पैसे वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार, अंगावर न पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांनंतर डब्याचे किंवा जनावराचे, कोणतेही दूध चालते. वर्षाच्या पुढे जनावराचेच द्यावे, तीन-चार नंबरच्या डब्यांची गरज नाही. आपल्याकडचे बरेच डॉक्टर वर्षापर्यंत डबाच मुख्य ठेवायला सांगतात, कारण लोह. तुमच्या बाळाचे वजन आणि रक्त बघून त्यांनाच ठरवू द्या. मात्र सहा महिने झाले की मऊ वरणभात, नाचणीची लापशी, शिजवून कुस्करलेली भाजी, अंडे हे सुरू झालेच पाहिजे. घरची दुभती असेल तर उकळलेले दूध त्याच्या जोडीला.

राहिली दुकानदारांची आणि कर्मचाऱ्यांची गोष्ट. १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाल्यापासून, दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या दुधाची व अन्नाची जाहिरात, मोफत नमुने, आईला भेटवस्तू, विक्रीसाठी कमिशन हे सगळे बंद आहे. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा गावच्या दुकानात डब्यावर "एकावर एक फ्री" अशी पाटी दिसली, किंवा बाळंतिणीच्या खाटेपाशी कुणी नमुन्याचा डबा ठेवून गेले, तर डब्याचा फोटो काढा, बॅच नंबर टिपून घ्या आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी द्या.