खिडकी एक, जबाबदारी कोणाची?

सामायिक सेवा म्हणजे काय, हे आम्हा कापडवाल्यांना चटकन कळते. चार दुकानांनी मिळून एक मुनीम ठेवला तर खर्च वाचतो. पण हिशेब चुकला तर जाब कोणाला विचारायचा, हे आधी ठरवावे लागते. सरकारी दाखल्यांचेही तसेच. आपले सरकार सेवा केंद्रात अनेक खात्यांचे अर्ज एकाच खिडकीवर घेतात. निर्णय मात्र त्या त्या खात्याचा अधिकारी देतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत, अपील आणि कसूरदार अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड ठरवून दिला. पण दंडाची भीती काम शिकवीत नाही.

शिकविण्यासाठी पुण्यात ‘यशदा’ आहे. १९६३ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था १९८४ मध्ये पुण्यात आली. पदवीनंतरच्या अशा प्रशिक्षणात अनेक खात्यांचे काम एकत्र चालविण्याचा स्वतंत्र विषय असावा आणि तो आष्टी, पाटोदा, धारूरच्या तहसीलपर्यंत पोहोचावा, असे आम्हांस वाटते. कारण दाखल्यासाठी हेलपाटा पडला की छोट्या दुकानदाराची त्या दिवसाची रोजी बुडते.

व्यापारी बांधवांनो, अर्जाची पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. मुदत टळली तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा.