तुळशीच्या कुंडींतील कीड

दारची तुळस वाळूं लागली कीं घरांतील वडील मंडळींच्या मनास चुटपुट लागते, हें वाचकांस सांगावयास नकोच. गेल्या श्रावणांत आमच्या गॅलरींतील तुळशीचीं पानें पिवळीं पडूं लागलीं, तेव्हां दृष्टीपासून खतापर्यंत सर्व तर्क झाले. पाणी घालतांना मातींतून बारीक काळीं चिलटें उडत, तिकडे मात्र कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं.

आम्हीं वरची माती उकरून भिंगाखालीं पाहिली. काळ्या डोक्याच्या, पांढुरक्या, पाव इंचाहून लहान अळ्या तींत वळवळत होत्या. हीं चिलटें चावत नाहींत. परंतु त्यांची मादी ओल्या मातींत शंभरावर अंडीं घालूं शकते. अळ्या बुरशी व कुजका पाला खातात आणि संख्या वाढली म्हणजे कोंवळ्या मुळांकडे वळतात. अंड्यापासून चिलट होण्यास तीनचार आठवडे पुरतात.

ही ओल आली कोठून? सकाळीं सौभाग्यवती पाणी घालीत, मागून दोघी सुना, आणि शाळेस जातांना नातवंडें आपापला पेला रिता करीत. प्रत्येकाची भक्ति खरी. परंतु कुंडी एकच! ‘अति तेथें माती’ ही म्हण येथें अक्षरशः पटली.

धाकट्या चिरंजीवांनीं कीटकनाशक पूड आणली, ती आम्हीं परत पाठविली. ज्या झाडाचें पान देवाच्या तीर्थांत पडतें व मुलांच्या काढ्यांत उकळतें, त्याच्या मुळाशीं विष घालणें शहाणपणाचें नव्हे. एके काळीं सर्रास वापरली जाणारी बी. एच. सी. पूड १९९७ सालीं आपल्या देशांत बंद करावी लागली, हें विसरूं नये.

आम्हीं केलें तें इतकेंच: वरचा इंचभर थर काढून कोरडी माती व मूठभर निंबोळी पेंड घातली, वर अर्धा इंच जाड वाळू पसरली. कुंडीखालच्या ताटलींतील पाणी ओतून टाकलें. बटाट्याची चकती मातीवर ठेवली. दोन दिवसांनीं तिच्याखालीं जमलेल्या अळ्या चकतीसह फेंकून नवी ठेवली. एरंडेल लावलेल्या पिवळ्या पुठ्ठ्यास चिलटें चिकटलीं. हा क्रम महिनाभर सोडूं नये. नाहींतर उरलेल्या अंड्यांतून नवी पिढी निघते.

सर्वांत अवघड झालें तें रोजचें पाणी थांबविणें. “तुळशीला पाणी घातल्यावांचून मीं आजवर चहा घेतला नाहीं,” असें सौभाग्यवतींचें म्हणणें. शेवटीं तडजोड झाली: रोजचें पाणी तुळशीपुढें तामणांत सोडावें व मग तें मोगऱ्यास घालावें, तुळशीस मात्र मातींत बोट पेरभर खुपसून ती कोरडी लागली तरच द्यावें. ही परीक्षा नातवंडांकडे सोंपविली आहे, व तीं ती मोठ्या दक्षतेनें घेतात.

कार्तिकांत लग्न लागलें, तेव्हां तुळशीस नवी पालवी होती.