कुलूप कुणाच्या दाराला

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांचं रूप पंधरा दिवसांत पालटतं. ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. गावाच्या कडेच्या वस्त्यांत ओळीनं कुलपं लागतात. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि शेळ्या. बीट हवालदाराचा खरा हंगाम तिथून सुरू होतो. अशाच एका गावात एका हवालदाराच्या मागं मी काही संध्याकाळी हिंडलो.

बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीचा एक तुकडा. याच्या वाट्याला बाजारपेठ, एसटी स्टँड, दोन वस्त्या आणि भोवतालची काही खेडी. खेड्यांची खबर पोलीस पाटील देतात, 1967च्या कायद्यानं त्यांना ते काम नेमूनच दिलंय. गावातल्या गल्ल्यांची खबर मात्र याची यालाच काढावी लागते. सकाळच्या हजेरीला समन्स-वॉरंटं हातात पडतात, पासपोर्टच्या पडताळण्या असतात, मंत्र्याचा दौरा असला तर बंदोबस्त. एवढं उरकून जो वेळ उरेल तो बीटचा.

मोटारसायकल तो स्टँडजवळ लावतो आणि पायी निघतो. गाडीवरून गेलं की लोक नमस्कार करतात, बोलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. टपरीवर चोरीचं त्यानं काहीच विचारलं नाही. "मुकादमाची गाडी आली का?" "तुझ्या भावाचं मिटलं का उचलीचं?" एवढंच. ऐकणाऱ्याला या रिकाम्या गप्पा वाटतील. पण उचल, म्हणजे तोडीसाठी मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, हे इथल्या बऱ्याच भांडणांचं मूळ. पैसे घेऊन जोडपं तोडीला गेलंच नाही की मुकादम माणसं घेऊन दारात उभा राहतो. कुणाला गाडीत घालून नेलं की मग ते अपहरणाचं प्रकरण होतं. कुणकुण आधी लागली तर दोघांना समोरासमोर बसवून हिशोबाची वही उघडता येते.

वस्तीत तो कुलपं बघत चालतो. कुठं नवं कोरं, कुठं गंजलेलं, कुठं कडीला नुसतीच तार. एका बंद घरापुढचं अंगण मात्र स्वच्छ झाडलेलं होतं. "कोण झाडतं?" त्यानं शेजारच्या म्हातारीला विचारलं.

"मीच की, दादा. केर साठला की चोराला कळतंय, घरात कुणी न्हाई."

त्यानं खिशातली छोटी डायरी काढली आणि लिहून घेतलं. पुढच्या गल्लीत दोन ठिकाणी हाच उपाय त्यानं आपला म्हणून सांगितला.

बाजारपेठेत सराफाचे सगळे कॅमेरे गल्ल्याकडे तोंड करून. एक रस्त्याकडे वळवा, असा याचा आग्रह. सराफाला पटतं, वायर ओढायचा खर्च कुणी करायचा, इथं बोलणी अडतात. पुढं गटारीच्या पाण्यावरून दोन घरं हमरीतुमरीवर आलेली. 1 जुलै 2024 पासून कलमांचे आकडे बदलले. अशा भांडणात शांतता राखण्याची हमी लिहून घ्यायचं जुनं 107 आता नव्या संहितेत 126 झालं. गल्लीत धाक अजून जुन्याचाच. "एकशे सात करीन" म्हटल्यावर दोघांचाही आवाज खाली आला. एकशे सव्वीस म्हटलं असतं तर ते काय असतं, हेच आधी समजावत बसावं लागलं असतं.

गणपती किंवा ईद जवळ आली की ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तीच इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं, तोच चहा, शेवटी फोटो. ती निरुपयोगी आहे असं नाही, पण मनातलं तिथं कुणी बोलत नाही. याच्या उलट, 1984च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत 1988 साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. त्यांत हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतली साधी माणसं होती, आणि सण-भांडण नसतानाही ती भेटत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्याच भिवंडीत 2006 साली पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून दंगल उसळली आणि जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. कारणं अनेक असतील. पण पोलीस बदलले, मोहल्ल्यातली पिढी बदलली की ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, असं मला वाटतं.

या हवालदाराचीही पाच वर्षं भरत आलीत, मेमध्ये बदली होईल. चार्ज देताना मुद्देमाल, प्रलंबित कागद, समन्सची यादी, सगळ्यावर सह्या होतात. खिशातल्या डायरीला त्यात रकाना नाही. ती नव्या माणसाला देणार का, विचारलं तर तो हसला.

"माझं अक्षर मलाच लागत नाही. त्यापेक्षा त्याला दोन संध्याकाळी बरोबर घेऊन फिरेन म्हणतो. साहेबांनी सोडलं तर."