सात हजार दगडांचा हिशेब

१९८२ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या कासेल शहराच्या मुख्य चौकात, फ्रिडेरिसियानुम या जुन्या वस्तुसंग्रहालयासमोर, बसाल्टच्या दगडांची रास पडली. एकूण ७,००० दगड. हा बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्या उभ्या खांबांची बनली आहे, तसेच हे खांब, फक्त आकाराने लहान. रोवल्यावर जमिनीवर सुमारे चार फूट दिसतील एवढे. रास टोकदार त्रिकोणाच्या आकारात रचली होती आणि त्या टोकाशी १६ मार्च १९८२ रोजी ओकचं एक रोप लावलं गेलं. लावणारा होता योझेफ बॉइस, युद्धोत्तर जर्मनीतला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त कलावंत.

त्याने घातलेली अट सोपी होती. शहरात कुठेही एक झाड लागलं, की राशीतला एक दगड उचलायचा आणि त्या झाडाशेजारी रोवायचा. झाडाशिवाय दगड हलणार नाही. रास संपवायची असेल, तर ७,००० झाडं लावणं हा एकच मार्ग.

मला या कलाकृतीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. झाडांचे मोठमोठे आकडे आपण पुष्कळ ऐकतो, पण ते कागदावर असतात आणि कागद फायलीत असतो. इथे शिल्लक भर चौकात पडलेली होती. मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या आईला, ऑफिसला जाणाऱ्या कारकुनाला, महापौरांना, सगळ्यांना रोज दिसायचं की अजून किती बाकी आहे.

आता आकडे जरा जवळून बघू. कासेलची वस्ती तेव्हा २ लाखांच्या आत-बाहेर होती. म्हणजे साधारण २८ माणसांमागे एक नवं झाड. दर १० मीटरवर एक याप्रमाणे ही झाडं एका ओळीत लावली, तर ओळ ७० किलोमीटर जाते. चर्चगेटपासून सुरुवात केली, तर विरार मागे पडून पुढे आणखी १० किलोमीटर उरतील. त्यातली निम्म्याहून अधिक ओक आणि बाकीची लिंडेन, अ‍ॅश, मेपल, चेस्टनट अशी. लागवडीचा काळ १,९१४ दिवसांचा, म्हणजे सरासरी दिवसाला साडेतीनाहून जास्त झाडं. पण तिकडे रोपं लावायचा हंगाम पानगळीपासून वसंतापर्यंतच, त्यामुळे हंगामातला खरा वेग याहून बराच जास्त असणार.

एका झाडाची, दगडासकट, देणगी ५०० मार्क ठरली होती. ५०० गुणिले ७,००० म्हणजे ३५ लाख मार्क. सुरुवातीचा मोठा भार न्यूयॉर्कच्या डिया आर्ट फाउंडेशनने उचलला आणि बाकीच्यासाठी बॉइस दारोदार फिरला. एका जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीतही तो दिसला. ३० जून १९८२ ला त्याने फ्रिडेरिसियानुमसमोर भट्टी लावली आणि रशियाच्या झार इव्हान द टेरिबलच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती लोकांदेखत वितळवली. लोक ओरडत होते, निषेध करत होते, पण तो थांबला नाही. त्या सोन्यातून त्याने एक ससा ओतला आणि तो एका संग्राहकाने ७,७७,००० मार्कांना घेतला. ५०० ने भागलं, तर एका मुकुटाची १,५५४ झाडं होतात.

हे ज्या शहरात घडलं, त्याचा इतिहास लक्षात घ्यायला हवा. २२ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री कासेलवर बाँबवर्षाव झाला. एका रात्रीत सुमारे १०,००० माणसं मेली आणि जुनं शहर जळून गेलं. नंतर जे उभं राहिलं, त्यात सिमेंट पुष्कळ आणि सावली कमी. दर काही वर्षांनी भरणारं डॉक्युमेंटा हे कलाप्रदर्शनही इथे १९५५ मध्ये सुरू झालं, ते एका राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शनाला जोडून. बॉइसची रास त्याच्या सातव्या खेपेसाठी होती. अनेक कासेलकरांना ती कुरूप वाटली, आणि त्यात नवल नाही. ढिगारे पाहिलेली पिढी तेव्हा अजून हयात होती.

खरं काम मात्र राशीपासून दूर, गल्लीबोळांत चाललं होतं. झाड कुठे लावायचं, हे रहिवासी, शाळा, बालवाड्या, मोहल्ल्यांतल्या समित्या सुचवायच्या. शहरातल्या फुटपाथखाली पाण्याचे नळ, गॅसच्या वाहिन्या, विजेच्या केबली. प्रत्येक खड्ड्याआधी खाली काय आहे ते तपासायचं, फरशी फोडायची, माती भरायची, रोपाला टेकू द्यायचा. हे ७,००० वेळा.

२३ जानेवारी १९८६ ला बॉइस गेला. रास अजून संपली नव्हती. काम थांबलं नाही. १२ जून १९८७ रोजी, पुढच्या डॉक्युमेंटाच्या उद्घाटनाला, त्याचा मुलगा वेंझेल याने शेवटचं झाड लावलं, पहिल्या झाडाच्या शेजारी.

योगायोग असा, की याच १९८२ मध्ये न्यूयॉर्कला अ‍ॅग्नेस डेनेस ही कलावती गहू पेरत होती, तेही मॅनहॅटनमध्ये, वॉल स्ट्रीटपासून दोन गल्ल्यांवर, भराव टाकलेल्या २ एकरांवर. २०० ट्रक माती आणली आणि हातांनी २८५ सऱ्या काढल्या. त्या जमिनीची किंमत तेव्हा साडेचार अब्ज डॉलर धरली जात होती. २ एकर म्हणजे ८० गुंठे, म्हणजे गुंठ्याला साडेपाच कोटी डॉलरहून जास्त. ऑगस्टमध्ये कापणी झाली तेव्हा पीक निघालं १,००० पौंडांहून थोडं अधिक, सुमारे साडेचार क्विंटल. एकरी सव्वादोन क्विंटल हा उतारा कोणत्याही शेतकऱ्याला कमीच वाटेल. पण एक किलो गव्हामागे जवळजवळ १ कोटी डॉलरची जमीन, हा हिशेब मांडायलाच तिने तिथे गहू पेरला होता. जमिनीची किंमत आणि अन्नाची किंमत इतक्या थेट समोरासमोर क्वचितच कुणी आणली असेल. आज तिथे इमारती आहेत.

डेनेसने पुढे फिनलंडमध्ये वाळू-खडीच्या एका खाणीवर ४२० मीटर लांब, २७० मीटर रुंद आणि ३८ मीटर उंच टेकडी रचली आणि १९९२ ते १९९६ या काळात ११,००० माणसांकडून ११,००० झाडं लावून घेतली. प्रत्येकाला आपल्या झाडाचं प्रमाणपत्र, वारसांना देता येईल असं. जंगलाला संरक्षण ४०० वर्षांचं. ४०० वर्षं मागे गेलो, तर शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा असतो.

जिवंत कलेचा दुसराही प्रकार आहे. स्पेनमधल्या बिल्बाओत शिल्पकार जेफ कून्सचा १२ मीटरहून उंच फुलांचा कुत्रा उभा आहे. ३८,००० रोपं, आणि ती वर्षातून दोनदा बदलतात, म्हणजे वर्षाला ७६,०००. दिसतो सुरेख, पण माळी थांबले की तो संपला. माझं मत कासेलच्या बाजूने आहे. तिथे सुरुवातीला दगड मोठा आणि रोप काडीएवढं होतं. दगड चार फुटांवरच राहिला आणि झाडं तिसऱ्या-चौथ्या मजल्याकडे गेली. ओक ३००-४०० वर्षं सहज जगतो, तेव्हा चाळिशीतलं हे झाड अजून कोवळंच म्हणायचं. एखादं मेलं, तर दगड मागे राहतो आणि इथे झाड होतं हे सांगतो. शेतात नांग्या भरतात तसं तिथे नवं रोप लावतात. ही कलाकृती आता संरक्षित वारसा आहे.

पुढच्या वेळी लाखो झाडं लावल्याचा आकडा कानावर आला, की टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी मागा: पाचव्या वर्षी उभ्या असलेल्या झाडांची संख्या आणि प्रत्येक झाडाचा पत्ता.