तक्रारपेटीची चावी कोणाच्या हाती?

वकिलीच्या निमित्ताने आम्ही तुरुंगात मुलाखतीला जातो. आपला माणूस जामिनाचे विचारतो, घरच्यांची खुशाली विचारतो. पण आत मारहाण होते का, औषध मिळते का, असे विचारले की तो आधी मागच्या शिपायाकडे पाहतो आणि मग म्हणतो, ‘काही तक्रार नाही, साहेब.’ सरकार ही सुखाची नोंद समजते. आम्ही तिला भीतीची नोंद म्हणतो.

ही भीती खोटी नाही. २३ जून २०१७ रोजी मुंबईच्या भायखळा कारागृहातील एका महिला कैद्याचा मृत्यू झाला. अंडी-पाव कमी पडल्यावरून वाद झाला आणि कर्मचाऱ्यांनी तिला अमानुष मारहाण केली, असा आरोप इतर कैदी महिलांनी केला. सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. परंतु या मृत्यूनंतर संतापून उठलेल्या सुमारे दोनशे कैदी महिलांवरही दंगलीचा गुन्हा दाखल झाला. मग तोंड उघडण्याची हिंमत कोण करील?

न्यायालयाने मार्ग दाखवलेला नाही, असे नाही. सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल तिहारमधून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्या. कृष्णा अय्यर यांच्या पीठाने त्या पत्रालाच याचिका मानले. डिसेंबर १९७९ च्या निकालात तुरुंगातील तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांच्या आदेशाखाली ठेवण्यास सांगितले. अर्थ सरळ आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती पेटीची चावी नको!

तुरुंगाच्या दारात जातही सुटत नाही. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्या झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे जातीवरून ठरवत होत्या. संविधानात कलम १७ असताना हा मनुस्मृतीचा कारभार चालू होता! तुरुंग खात्याने तो स्वतःहून बंद केला नाही. पत्रकार सुकन्या शांता यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी हे नियम घटनाबाह्य ठरले.

परभणीची जखम तर अजून ओली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू पावलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे विधानसभेत सांगण्यात आले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत मात्र पोलिसांवर ठपका आला आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. चौकशी खात्याबाहेरच्याने केली, म्हणूनच हे घडले.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. तक्रारपेटी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने उघडावी. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, लेखी पोच आणि ठराविक मुदतीत उत्तर मिळावे. चौकशी पोलीस व तुरुंग खात्याबाहेरच्यांनी करावी. तक्रार करणाऱ्याची दुसऱ्या तुरुंगात रवानगी किंवा त्याला शिक्षा न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय होऊ नये. अभ्यागत मंडळावर अनुसूचित जाती-जमातींचे वकील आणि महिला असाव्यात.

या देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्यांच्यात आपल्या वस्त्यांतील पोरे किती आहेत, हे वाचकांना सांगायला नको. चळवळीतील तरुण वकिलांनी विधी सेवा पॅनेलवर नावे नोंदवावीत आणि महिन्यातून एक दिवस तुरुंगाला द्यावा. बाबासाहेबांनी दिलेले संविधान तुरुंगाच्या भिंतीशी थांबत नाही. आपणही तिथे थांबता कामा नये.

जयभीम!