जोडीदाराच्या बालपणीची जखम

सन २००६ च्या ऑगस्ट महिन्यात उकाई धरणाचे पाणी तापी नदीत सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. पाणी काही दिवसांत ओसरले. परंतु घरोघरी साचलेला गाळ उपसण्याचे काम त्यानंतरही पुष्कळ दिवस चालले होते. मनुष्याच्या जीवनातही असे पूर येतात. बालपणी ज्याच्यावर अत्याचार झाला, त्याच्या बाबतीत ती घटना कधीच सरलेली असते. पण तिचा गाळ मनात राहतो आणि पुष्कळदा विवाहानंतरच तो वर येतो. विषय नाजूक आहे. तथापि मौनामुळे जी घरे आतून पोखरली जातात, त्यांच्याकरिता तो मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

ही गोष्ट विरळा घडते, असे कोणी समजू नये. भारत सरकारने २००७ साली बालकांवरील अत्याचारांसंबंधी एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र व गुजरात धरून तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांना तीत प्रश्न विचारण्यात आले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५३, बालकांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक बालकाच्या ओळखीचे वा विश्वासातले होते, आणि बहुसंख्य बालकांनी ही गोष्ट कोणासही सांगितली नव्हती. ती मुले आज पती झाली आहेत, पत्नी झाल्या आहेत.

आता सुरतेतील एखाद्या मराठी संसाराची कल्पना करू या. खानदेशातून भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी तेथे गेली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली. यंत्रमागाची बारा तासांची पाळी करून नवरा घरी येतो. पत्नी निजलेली असते. तो सहज खांद्यावर हात ठेवतो आणि ती किंचाळून उठते. एका विशिष्ट नातलगाचे नाव निघाले की तिचे जेवण तुटते; गावच्या लग्नाला ती जात नाही; मुलीला घटकाभरही कोणाच्या स्वाधीन करीत नाही. नवऱ्यास वाटते, आपण हिला आवडत नाही. सासूबाई म्हणतात, बाहेरची बाधा आहे, गावच्या भगताला दाखवा. कित्येक घरी हीच व्यथा पुरुषाची असते. मग ती अकारण संतापाच्या वा दारूच्या रूपाने बाहेर पडते आणि तिचे मूळ कोणास उमगत नाही.

अशा वेळी जोडीदाराने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे, ज्या दिवशी ती व्यथा ओठांवर येईल त्या दिवशी विश्वास ठेवावा. “तेव्हाच का बोलली नाहीस?” हा प्रश्न विचारू नये. लहान मुलाला त्या गोष्टीसाठी शब्दच नसतात. आणि जे मूल बोलते त्याला पुष्कळदा गप्प बसविले जाते. तपशील खोदून काढू नयेत. जेवढे सांगितले जाईल तेवढे ऐकावे आणि “यात तुझा काही दोष नव्हता” एवढे स्पष्ट सांगावे. हे वाक्य एकदा सांगून भागत नाही. वर्षानुवर्षे सांगावे लागते. ऐकलेली गोष्ट आपल्या सख्ख्या आईच्या कानावरही जोडीदाराच्या संमतीवाचून घालू नये. ते गुपित आपले नव्हे.

दुसरी गोष्ट शरीरसंबंधाची. येथे विवाहाचा हक्क पुढे करणारे पुष्कळ आहेत. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की जोडीदाराच्या अवस्थेचा व रास्त इच्छेचा विचार न करता लादलेला संबंध ही खरी प्रेमाची कृती नव्हे. म्हणून स्पर्शापूर्वी विचारावे आणि नकार मिळाल्यास रुसू नये. ज्या मुलाला एके काळी ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती, त्याला मोठेपणी आपल्या ‘नको’चा मान राखला जातो हे दिसणे, हेच मोठे औषध आहे.

कधी जुनी भीती एकाएकी उसळते. माणूस थरथरतो, त्याला आपण कोठे आहोत याचे भान राहत नाही. तेव्हा घट्ट धरू नये. दिवा लावावा, थोडे दूर बसावे, हळू आवाजात नाव घ्यावे आणि सांगावे, “हे आपले घर आहे. मी इथे आहे. इथे दुसरे कोणी नाही.” घोटभर पाणी द्यावे. श्वास संथ होईपर्यंत वाट पाहावी.

केवळ प्रेमाने सर्व बरे होईल, असेही मानू नये. मोडलेल्या हाडाला वैद्य लागतो, तसा मोडलेल्या मनालाही लागतो. सुरतेत नवीन सिव्हिल हॉस्पिटल व महानगरपालिकेचे स्मिमेर रुग्णालय या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. जेथे असा दवाखाना जवळ नाही तेथेही सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आणि अत्याचार करणाऱ्याच्या हाती आजही एखादे मूल सापडण्याचा धोका असेल, तर भिडेखातर स्वस्थ बसणे पाप आहे. १०९८ या क्रमांकावर कळवावे. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार असा गुन्हा पोलिसांस कळविणे बंधनकारकही आहे. अत्याचार करणारा धर्मगुरू वा धर्मसंघीय असला तरी अपवाद नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली घालून दिलेल्या नियमांनुसार धर्मगुरूंनी व व्रतस्थांनी अशा गोष्टी ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळविल्याच पाहिजेत.

आपल्या श्रद्धाळू घरांतून आणखी एक चूक होते. “क्षमा कर आणि विसरून जा,” असे दुखावलेल्याला लगेच सांगितले जाते. येथे संत जोसेफिन बखिता हिचे चरित्र आठवावे. सुमारे १८६९ साली सुदानमध्ये जन्मलेल्या या मुलीला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी लहानपणीच पळविले. भीतीने ती स्वतःचे नाव विसरली. तिच्या अंगावर शंभराहून अधिक जखमा कोरून त्यांत मीठ भरण्यात आले. पुढे इटलीत १८९० साली तिचा बाप्तिस्मा झाला. ती कनोसा संघाची व्रतस्थ झाली. आपल्या छळकांना तिने अंतःकरणापासून क्षमा केली. तरीही १९४७ साली मृत्युशय्येवर ग्लानीत ती पुन्हा गुलामीत गेली आणि शुश्रूषा करणाऱ्या बाईला पायांतील साखळ्या सैल करण्यास विनवू लागली. २००० साली तिला संतपद मिळाले. आठवण उरणे म्हणजे श्रद्धा उणी असणे नव्हे, हे यावरून कळावे. क्षमा ही ईश्वराची देणगी आहे. ती तिच्या वेळी येते, कोणी मागितली म्हणून येत नाही. आणि क्षमा केली म्हणून त्या माणसाशी पुन्हा येणे-जाणे ठेवलेच पाहिजे, असे मुळीच नाही.

जो आधार देतो तोही थकतो, हे विसरू नये. त्याने आपल्या जिवाला विसावा द्यावा, विश्वासू धर्मगुरूंपाशी किंवा समुपदेशकापाशी, जोडीदाराची संमती घेऊन, आपले मन मोकळे करावे. ही वाट सरळ नसते. चार महिने बरे जातात आणि एखाद्या वासाने, एखाद्या आवाजाने सारे पुन्हा उसळते. केलेले वाया गेले असे त्या दिवशी समजू नये.

पुनरुत्थित प्रभूच्या देहावरही खिळ्यांचे व्रण होते, आणि ते पाहूनच थोमाने त्याला ओळखले. आपल्या जोडीदाराचे व्रण पुसण्याचे काम प्रभूने आपणांवर सोपविलेले नाही. सुखात व दुःखात साथ देण्याचे वचन वेदीपुढे आपण दिले आहे. ते या घरात, या रात्री, धीराने पाळावे, एवढेच तो मागतो.